तिकिटावरचं दुसरं नाव

१८४४च्या मे महिन्यात बाल्टिमोरला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्षपदासाठी जेम्स पोल्क यांचं नाव पक्कं झालं आणि मार्टिन व्हॅन ब्युरेन यांची माणसं दुखावली. त्यांची समजूत काढायची म्हणून त्यांच्याच गोटातले न्यूयॉर्कचे सिनेटर सायलस राइट यांना अधिवेशनानं उपाध्यक्षपदाची उमेदवारी देऊन टाकली. राइट तिथं नव्हतेच, ते साठेक किलोमीटरवर वॉशिंग्टनला होते. सॅम्युअल मोर्स यांच्या तारयंत्राची वॉशिंग्टन-बाल्टिमोर ओळ सुरू होऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. बातमी तारेनं गेली आणि तारेनंच राइट यांचं उत्तर आलं: नको. प्रतिनिधींचा विश्वास बसेना. तारेतून आलेला नकार खरा कसा मानायचा? त्यांनी माणसं वॉशिंग्टनला धाडून खात्री करून घेतली. उत्तर तेच होतं. मग पेन्सिल्वेनियाच्या जॉर्ज डॅलस यांना उभं केलं गेलं, आणि ते निवडूनही आले.

मी एका मराठी दैनिकात परदेशच्या पानावर उपसंपादक होते, टेलिप्रिंटरच्या काळापासून इंटरनेट येईपर्यंत. दर चार वर्षांनी जून महिना लागला की एक बातमी रोज यायची: अमेरिकेतला अमुक पक्षाचा उमेदवार उपाध्यक्षपदासाठी कुणाला घेणार? पाच-सहा नावं, प्रत्येकाचं राज्य, वय, धर्म, कोणाशी बिनसलं आहे, कोणाकडे पैसा आहे. डाक आवृत्तीत ती पानाच्या तळाशी जायची आणि शहर आवृत्तीत जागा कमी पडली की पहिली तीच कापली जायची. मी तिची कात्रणं ठेवत गेले. पुढं त्यांच्याबरोबर जुन्या अधिवेशनांचे वृत्तान्त आणि चरित्रं वाचत गेले, आणि मला जाणवलं की आपण कापत होतो ती बातमी किरकोळ नव्हती. अध्यक्ष अचानक गेला तर त्या खुर्चीत कोण बसणार, हे त्या नावानं ठरतं. आणि ते नाव कित्येकदा एखाद्या उन्हाळी दुपारी, थकलेल्या माणसांनी, दुसऱ्याच कुठल्या कारणासाठी ठरवलेलं आहे.

आपल्याकडे उपराष्ट्रपतींची निवडणूक वेगळी होते, खासदार त्यांना निवडतात. अमेरिकेत मतदार दोघांना मिळून एकच मत देतो. सुरुवातीला तसं नव्हतं. राज्याराज्यांनी निवडलेल्या निर्वाचकांची ज्याला सर्वाधिक मतं तो अध्यक्ष आणि दुसऱ्या क्रमांकाचा उपाध्यक्ष, असा मूळ नियम होता. त्यामुळे १७९६ साली जॉन ॲडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी टॉमस जेफरसन उपाध्यक्ष. १८०० साली जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर या दोघांना बरोबर ७३-७३ मतं पडली. प्रतिनिधिगृहात छत्तीस वेळा मतदान झालं तेव्हा कुठं जेफरसन अध्यक्ष ठरले. १८०४ साली बारावी घटनादुरुस्ती झाली आणि दोन पदांची मतं वेगळी मोजली जाऊ लागली. तिथून पुढं ‘जोडी’ ही कल्पना रुजली.

पण जोडी कोण जुळवणार? आज आपण गृहीत धरतो की अध्यक्षपदाचा उमेदवार. एकोणिसाव्या शतकात तो प्रश्न त्याच्याकडे जातच नसे. उमेदवार तर बहुधा अधिवेशनालाही येत नसे. दुसरं नाव पक्षाचे राज्याराज्यांतले पुढारी ठरवत, आणि ते नुकसानभरपाई म्हणून वाटलं जाई. उत्तरेचा अध्यक्ष असेल तर दक्षिणेचा उपाध्यक्ष, एका गटाला पहिलं पद गेलं तर दुसऱ्याला दुसरं. पद इतकं पोकळ समजलं जाई की डॅनियल वेबस्टर यांच्यासारख्या मोठ्या वक्त्यानं ते नाकारलं. १८४८ साली त्यांनी होकार दिला असता तर १८५० साली झकारी टेलर वारले तेव्हा वेबस्टर अध्यक्ष झाले असते. जन्मभर त्यांनी ज्या पदाची आस धरली ते पद मिलर्ड फिलमोर यांना मिळालं.

या काळातली अटकळ वेगळ्या जातीची होती. वार्ताहर उमेदवाराच्या चेहऱ्याकडे पाहत नसत, ते ओहायोचं शिष्टमंडळ कोणाच्या खोलीत गेलं ते पाहत. मला वाटतं, अटकळ बांधणाऱ्यांची नजर कुठं लागलेली आहे एवढं पाहिलं तरी त्या काळी निवडीची सत्ता कोणाकडे होती ते कळतं.

१९०० साली ती सत्ता न्यूयॉर्कच्या टॉमस प्लॅट यांनी कशी वापरली पाहा. थिओडोर रूझवेल्ट तिथले गव्हर्नर होते आणि कंपन्यांवर कर लावून त्यांनी प्लॅट यांना बेजार केलं होतं. आधीचे उपाध्यक्ष गॅरेट होबार्ट १८९९च्या नोव्हेंबरात वारले होते, जागा रिकामी होती. रूझवेल्टना बढती देऊन न्यूयॉर्कमधून घालवायचं, हा प्लॅट यांचा डाव. अध्यक्ष मॅकिन्ली यांचे खंदे पाठीराखे मार्क हॅना याला कळवळून विरोध करत होते, कारण मधे फक्त एका माणसाचा जीव आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांचं कोणी ऐकलं नाही. १९०१च्या सप्टेंबरात बफेलोला मॅकिन्लींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि एका राज्यातल्या अडगळीच्या माणसाला पूर्ण देश मिळाला.

१९२० साली शिकागोला तर पुढाऱ्यांचाही हात सुटला. सिनेटरांनी विस्कॉन्सिनच्या अर्व्हिन लेनरूट यांचं नाव ठरवलं होतं. ऑरेगनचा एक प्रतिनिधी, वॉलेस मॅकॅमंट, मधेच उठला आणि त्यानं मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांचं नाव पुकारलं. सभागृह त्या नावामागं धावलं. तीन वर्षांनी, २ ऑगस्ट १९२३ला, अध्यक्ष हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत वारले. कूलिज त्या वेळी व्हरमाँटमधल्या खेड्यात वडिलांच्या घरी होते. नोटरी असलेल्या त्या वडिलांनीच रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, पहाटे पावणेतीनच्या सुमारास मुलाला अध्यक्षपदाची शपथ दिली.

हे सगळं बदललं १९४० साली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तिसऱ्यांदा उभं राहताना सांगून टाकलं की उपाध्यक्ष म्हणून हेन्री वॉलेस हवेत, नाहीतर मी उमेदवारी घेणार नाही. अधिवेशन चिडलं. एलिनॉर रूझवेल्ट शिकागोला विमानानं आल्या आणि त्यांनी सभागृह शांत केलं. तेव्हापासून दुसरं नाव पहिल्या नावाच्या माणसाचं झालं, निदान तत्त्वतः. वॉलेस आयोवाचे, संकरित मक्याचं बियाणं तयार करणारे, आदर्शवादी गृहस्थ. पक्षाच्या शहरी पुढाऱ्यांना ते कधीच पटले नाहीत.

चार वर्षांनी जे घडलं त्याइतकं या प्रथेत दुसरं काही महत्त्वाचं नाही, म्हणून इथं थांबावंसं वाटतं. १९४४च्या मार्चमध्ये बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात डॉ. हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञानं रूझवेल्टना तपासलं. रक्तदाब भयंकर वाढलेला, हृदय थकलेलं. हे जनतेला सांगितलं गेलं नाही. पण ज्यांनी अध्यक्षांना जवळून पाहिलं त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. ११ जुलैच्या रात्री व्हाइट हाउसमध्ये पक्षाचे सूत्रधार जेवायला जमले: पक्षाध्यक्ष रॉबर्ट हॅनेगन, ब्रॉन्क्सचे एड फ्लिन, शिकागोचे महापौर एड केली. त्या खोलीत बसलेल्यांना माहीत होतं की आपण उपाध्यक्ष निवडत नाही, पुढचा अध्यक्ष निवडतो आहोत. एकेक नाव खोडत ते मिसुरीच्या सिनेटर हॅरी ट्रुमन यांच्यावर आले.

आणि रूझवेल्टनी काय केलं? मी अधिवेशनात असतो तर वॉलेसना मत दिलं असतं, पण माझा आग्रह नाही, असं एक पत्र दिलं. दुसरं पत्र हॅनेगनना: ट्रुमन किंवा न्यायमूर्ती विल्यम डग्लस, दोघांपैकी कोणीही मला चालेल. तिकडं जेम्स बर्न्स समजत होते की नाव आपलंच, आणि त्यांनी आपलं नाव मांडायला सांगितलं होतं कोणाला, तर ट्रुमन यांनाच! एका मरणोन्मुख माणसानं आपल्या वारसाबद्दल इतकं धुकं पसरू द्यावं याचं मला आजही दुःख होतं. युद्ध चालू होतं. निदान त्या एका गोष्टीत त्यांनी उघड बोलायला हवं होतं.

शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलात ट्रुमन यांना बोलावून घेतलं गेलं. रूझवेल्ट सॅन डिएगोहून फोनवर होते. हॅनेगननी रिसीव्हर असा धरला की पलीकडचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू यावा. महायुद्धाच्या मध्यावर त्याला पक्ष मोडायचा असेल तर जबाबदारी त्याची, अशा आशयाचं अध्यक्ष बोलले आणि फोन ठेवला. ट्रुमन तयार झाले.

त्या रात्री, २० जुलैला, सभागृहात वॉलेस यांच्या नावाचा घोष सुरू झाला. गॅलऱ्या भरून गेल्या होत्या, ऑर्गनवर आयोवाचं मक्याचं गाणं वाजत होतं. फ्लोरिडाचे सिनेटर क्लॉड पेपर वॉलेस यांचं नाव मांडायला गर्दीतून वाट काढत व्यासपीठाकडे निघाले. ते पोचण्याआधी अध्यक्षस्थानावरून हातोडा पडला, सभा तहकूब. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेस यांना ४२९ १/२ आणि ट्रुमन यांना ३१९ १/२ मतं मिळाली. म्हणजे प्रतिनिधींना मोकळं सोडलं असतं तर काय झालं असतं ते उघड आहे. दुसऱ्या फेरीत पुढाऱ्यांनी आपापली राज्यं वळवली.

ट्रुमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते. १२ एप्रिल १९४५ला संध्याकाळी त्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं गेलं आणि एलिनॉर यांनी बातमी सांगितली. अणुबाँब तयार होतो आहे, हे त्यांना त्या शपथविधीनंतर कळलं. पुढं चार महिन्यांच्या आत हिरोशिमा. निवडणाऱ्यांना पुढचा अध्यक्ष निवडायचा होता हे कळत होतं, तरी त्याला त्या कामासाठी तयार करावं असं कोणालाच वाटलं नाही.

नंतरची वर्षं भरभर सांगता येतात. १९५६ साली स्टीव्हन्सन यांनी निवड अधिवेशनावर सोडली आणि एस्टेस केफॉव्हर यांनी तरुण जॉन केनेडींना हरवलं. मोठ्या पक्षाच्या अधिवेशनानं मोकळेपणी केलेली ती शेवटची निवड. १९६० साली केनेडींनी लॉस एंजलिसला लिंडन जॉन्सन यांना घेतलं. भाऊ रॉबर्ट जिना उतरून जॉन्सन यांच्या खोलीत जाऊन त्यांना परावृत्त करायला बघत होते, तरीही. टेक्सास केनेडींनी सुमारे ४६ हजार मतांनी जिंकलं, आणि तेव्हापासून ‘उपाध्यक्ष आपलं राज्य आणून देतो’ हा समज घट्ट बसला. तीन वर्षांनी डॅलसला केनेडींची हत्या झाली आणि त्या निवडीचा खरा अर्थ जगापुढं आला.

मग १९७२. जॉर्ज मॅकगव्हर्न यांना मायामी बीचला उमेदवारी मिळाली तेव्हा दुसऱ्या नावाची तयारी जवळजवळ शून्य होती. टेड केनेडी नाही म्हणाले. मॉन्डेल नाही म्हणाले, रिबिकॉफ नाही, गेलॉर्ड नेल्सन नाही. बॉस्टनचे महापौर केव्हिन व्हाइट यांचं नाव जवळजवळ ठरलं होतं, पण मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींनी मोडता घातला. त्यांत आपल्याकडे राजदूत म्हणून राहून गेलेले जॉन केनेथ गालब्रेथ होते. नाव देण्याची मुदत दुपारी चारची. शेवटी मिसुरीचे टॉमस ईगलटन यांना फोन लागला. काही मिनिटांचं बोलणं झालं, ते हो म्हणाले. मतदानाला लागलेला उशीर असा की मॅकगव्हर्न यांचं भाषण पहाटे तीनच्या सुमाराला झालं, आणि देश झोपलेला होता.

पंधरवड्याच्या आत उघड झालं की नैराश्यासाठी ईगलटन तीनदा रुग्णालयात राहिले होते आणि दोन वेळा त्यांना विजेच्या झटक्यांचा उपचार द्यावा लागला होता. मॅकगव्हर्न आधी ठामपणे पाठीशी उभे राहिले, मग ढळले. अठराव्या दिवशी ईगलटन यांनी माघार घेतली. ईगलटन त्यानंतर १९८७पर्यंत सिनेटर होते आणि त्यांनी चांगलं काम केलं. बरा झालेला आजार लपवावा असं त्यांना वाटलं, कारण सांगितला तर संपलो हे त्यांना माहीत होतं, आणि ते खरंच ठरलं. या प्रकरणात त्यांना दोष देणारं बरंच लिहिलं गेलं आहे. मी तो दोष त्यांच्याकडे देऊ शकत नाही. ज्या पक्षानं इतकं मोठं पद काही मिनिटांच्या फोनवर देऊ केलं, जाब त्यालाच विचारायला हवा.

त्या घटनेनं पद्धत पालटली. १९७६ साली जिमी कार्टर यांनी इच्छुकांना जॉर्जियातल्या प्लेन्स गावी घरी बोलावून तासन्तास बोलून पाहिलं. वकिलांनी कागद तपासले, कर, आजार, जुनी भाषणं. त्यातून वॉल्टर मॉन्डेल निवडले गेले, आणि त्यांनी आधीच विचार करून ठेवला होता की हे पद कसं चालवायचं. व्हाइट हाउसच्या पश्चिम भागात अध्यक्षांच्या जवळ ज्यांना खोली मिळाली ते पहिले उपाध्यक्ष मॉन्डेल. या इतिहासात ज्याला खरी सुधारणा म्हणता येईल ती मला इथं दिसते.

पण तपासणी गुप्त, आणि निर्णय एकाच डोक्यात. त्यामुळे वार्ताहरांना शिष्टमंडळं पाहायची राहिली नाहीत, ते खुणा शोधू लागले. १९८८च्या ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लिन्सला थोरल्या बुश यांनी डॅन क्वेल यांचं नाव जाहीर केलं तेव्हा मुंबईत मध्यरात्र उलटून गेली होती. आम्ही शहर आवृत्तीचं पान अडवून धरलं. यादीतल्या जवळजवळ सगळ्या नावांची माहिती कात्रणांत तयार होती, क्वेल यांची मात्र चार ओळींचीच. २००० सालची खूण अधिक सुंदर. धाकट्या बुश यांच्यासाठी नावं शोधण्याचं काम डिक चेनी करत होते. एका राज्याच्या निर्वाचकांना आपल्याच राज्यातल्या दोघांना मत देता येत नाही, असा घटनेचा नियम आहे, आणि बुश-चेनी दोघेही टेक्सासचे रहिवासी. २१ जुलैला चेनी वायोमिंगला गेले आणि त्यांनी तिथं मतदार म्हणून नाव नोंदवलं. ज्याला बारावी दुरुस्ती माहीत होती त्याला त्या एका नोंदीवरून सगळं कळलं. चार दिवसांनी घोषणा झाली.

२००४ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकानं डेमोक्रॅटिक उमेदवार केरी यांनी गेफार्ट यांना निवडल्याचं पहिल्या पानावर छापलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी पिट्सबर्गच्या हँगरमधल्या विमानावर एडवर्ड्स यांचं नाव रंगवलेलं पाहिल्याचं एका विमानप्रेमी माणसानं लिहून ठेवलं होतं. बरोबर ठरला तो. २००८ साली काही चाणाक्ष लोकांनी अलास्काहून ओहायोला निघालेल्या एका खासगी विमानाचा माग काढला, त्यात सारा पेलिन होत्या. २०१२ साली पॉल रायन यांनी पत्रकारांना चुकवायला घरामागच्या झाडीतून वाट काढली. इतकी गुप्तता, आणि इतका पाठलाग.

या सगळ्या खटाटोपात राज्याचा हिशेब मात्र तोच राहिला. प्रत्यक्षात रायन यांना घेऊन विस्कॉन्सिन आलं नाही, एडवर्ड्सना घेऊन नॉर्थ कॅरोलिना नाही, १९८४ साली जेराल्डीन फेरारो यांना घेऊन न्यूयॉर्कही नाही. ख्रिस्तोफर डिव्हाइन आणि काइल कॉपको या दोन अभ्यासकांनी जुन्या निवडणुका तपासून दाखवलं आहे की उपाध्यक्षाच्या गृहराज्यात मिळणारा फायदा साधारणपणे नगण्य असतो. तरीही जूनमधल्या लेखांत निर्वाचकांची मतं मोजली जातात. अध्यक्ष मेला किंवा त्यानं पद सोडलं म्हणून उपाध्यक्ष अध्यक्ष झाल्याची उदाहरणं १८४१ ते १९७४ या काळात नऊ आहेत. जेराल्ड फोर्ड हे त्यांतले एकच असे की ज्यांना कोणत्याही तिकिटावर मत पडलं नव्हतं, कारण १९६७च्या पंचविसाव्या दुरुस्तीनं आता रिकामी जागा भरता येते. त्याआधी उपाध्यक्षपद सोळा वेळा रिकामं राहिलं होतं. हे आकडे कोणत्याही राज्याच्या आकड्याआधी छापायला हवेत, असं मी माझ्या ज्युनिअरांना नेहमी सांगे.

२०२०च्या जुलैत बायडन यांच्या हातातल्या टिपणाचा फोटो निघाला आणि त्यात कमला हॅरिस यांचं नाव वाचता आलं. ११ ऑगस्टला घोषणा झाली. तमिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरम् या त्यांच्या आजोळच्या गावात आनंद झाला, आणि आमच्या जुन्या पानालाही एकदम वाचक मिळाले. त्या वेळच्या चर्चेत वंश होता, कॅलिफोर्निया होतं, स्त्री-उमेदवार होती. ८० वर्षांकडे झुकलेल्या उमेदवारामागं कोण उभं आहे, हा प्रश्न त्या मानानं कमी विचारला गेला. २१ जुलै २०२४ला बायडन यांनी माघार घेतली आणि दोन दिवसांच्या आत पक्ष हॅरिस यांच्यामागं गोळा झाला. चार वर्षांपूर्वीच्या त्या निवडीनं उमेदवार ठरवला होता.

मग पुन्हा सोळा दिवस तेच. पेन्सिल्वेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो, ॲरिझोनाचे मार्क केली, मिनेसोटाचे टिम वॉल्झ. पहिली संयुक्त सभा फिलाडेल्फियाला ठरली आहे हे कळताच अनेकांनी शपिरो यांचं नाव पक्कं करून टाकलं, कारण ते त्याच राज्याचे आणि निर्वाचकांची मतं १९. मी त्या दिवसांत वाचता येईल तेवढं वाचत होते, आणि या तिघांपैकी कोणाला अध्यक्षाचं काम जमेल याची खोलवर चर्चा करणारा लेख शोधत होते. फारच थोडे सापडले. ६ ऑगस्टला त्या सभागृहात शपिरो बोलले, आणि ते बोलून झाल्यावर हॅरिस वॉल्झ यांना घेऊन मंचावर आल्या.